दोन्ही पाय सारखेच आखडलेले, वय साडेचार: टाचेचं ऑपरेशन आत्ता करावं का? (नागपूर)

मानेवाडा_आई

नमस्कार. मुलाविषयी विचारायचं आहे, थोडं मोठं लिहिते, सांभाळून घ्या.

मुलगा साडेचार वर्षांचा आहे. तिसाव्या आठवड्यातच झाला, वजन १३०० ग्रॅम. एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) घरी आला तेव्हा दूध ओढत होता, रडत होता, सगळं ठीक वाटलं. बोलायला तर वेळेत लागला. पण बसायला फार उशीर झाला, आणि उभं धरलं की दोन्ही पाय ताठ, मांड्या एकमेकींना चिकटलेल्या, पावलं एकमेकांवर चढलेली. "सातव्या महिन्याचं लेकरू, उशीर होणारच," असं म्हणत सगळ्यांनी धीर दिला. शेवटी दीड वर्षाचा असताना एमआरआय झाला. रिपोर्टमध्ये पेरिव्हेंट्रिक्युलर ल्युकोमलेशिया आणि कागदावर निदान स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे सेरेब्रल पाल्सीचा एक प्रकार.

आज तो मागे धरायचा वॉकर घेऊन घरभर फिरतो. टाचा जमिनीला टेकत नाहीत, चवड्यांवरच चालतो. भिंतीला धरून सरकतो. हात चांगले आहेत, शर्टाची बटणं स्वतः लावतो, फक्त बारीक काम करताना थोडा वेळ लागतो. गप्पा मारून समोरच्याला दमवतो. यंदा तान्ह्या पोळ्याला त्याला लाकडी नंदी स्वतः ओढायचा होता आणि दोन्ही हात वॉकरवर. त्याच्या बाबांनी नंदीची दोरी वॉकरला बांधून दिली तर मॅडम, काका, समोरचे आजोबा, सगळ्यांकडून बोजारा (नंदी दाखवल्याचा खाऊ-पैसा) वसूल करून आला.

आता अडचण अशी. एका डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही टाचांच्या शिरा (रक्ताच्या नाही, पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणाऱ्या) लांब करून घ्या, शाळेत जायच्या आधी होऊन जाईल, टाचा टेकतील. दुसरे म्हणाले, इतक्यात नको, बोटॉक्सची (ताठ स्नायू काही काळ सैल करणारी) इंजेक्शनं देऊ आणि प्लास्टर लावू. थेरपीवाल्या ताई म्हणतात, दोन्हींच्या आधी अजून तपासण्या करा. घरातून मालिशवाल्याचा आग्रह आहे. तो म्हणतो सहा महिन्यांत धावायला लावतो.

आणि एक गोष्ट लिहू की नको असं वाटत होतं. माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं. आमच्याकडे लाखोळीची डाळ खातात. गरोदर असताना माहेरी होते तेव्हा लाखोळीच्या बेसनाचे वडे मी खाल्ले होते. लाखोळीने पाय जातात हे सासूबाईंनी कुठेतरी ऐकलं आहे, आणि तेव्हापासून घरात तोच विषय आहे. त्या रागाने नाही बोलत, त्यांनाही नातवाचंच दुःख आहे, पण मला रात्र रात्र झोप लागत नाही. हे खरं असू शकतं का?

ऑपरेशन करावं का, तो हात सोडून चालेल का, आणि डाळीचं खरं काय, एवढंच विचारायचं आहे. कोणी यातून गेलं असेल तर कृपा करून लिहा.

धंतोली_फिजिओ

ताई, मी लहान मुलांची फिजिओथेरपी करते. मूल न बघता ऑपरेशन करा किंवा करू नका असं सांगणार नाही. पण निर्णयाआधी काय माहीत असायला हवं ते सांगते.

आधी पायच का, हात का नाही, ते. मेंदूच्या मध्यभागी द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. पायांना हुकूम नेणाऱ्या तंतूंची वाट या पोकळ्यांच्या अगदी कडेने जाते. हातांची वाट त्याच्या बाहेरून, चेहऱ्याची आणखी बाहेरून. साधारण २४ ते ३४ आठवड्यांच्या बाळात नेमका हाच पोकळ्यांलगतचा पांढरा भाग सगळ्यात नाजूक असतो. तिथला रक्तपुरवठा कमी पडला किंवा संसर्गाची झळ लागली की तिथे इजा होते, आणि ती बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना होते. म्हणून दोन्ही पाय जास्त, दोन्ही हात थोडे. तुमच्या रिपोर्टमधल्या त्या लांबलचक नावाचा अर्थ एवढाच. मेंदूतली ही इजा पुढे वाढत नाही. वाढतात ती हाडं. ताठ स्नायू हाडाच्या वेगाने लांब होत नाहीत, त्यामुळे मूल उंच व्हायला लागलं की पाय पुन्हा आखडल्यासारखे वाटतात. "आजार वाढला" असं घाबरून पालक येतात ते बहुधा याच काळात.

आता टाच. घरीच एक गोष्ट बघा. मुलाला उताणं झोपवा, तो निवांत असताना. गुडघा वाकवून पाऊल हळूहळू वर, नडगीच्या दिशेने आणा. मग गुडघा सरळ करून तेच करा. गुडघा वाकलेला असताना पाऊल काटकोनाच्या वर येतं आणि सरळ केल्यावर येत नाही, असं असेल तर पोटरीचा वरचा स्नायू ताठ आहे, खालचा अजून मोकळा आहे. दोन्ही वेळा येत नसेल तर गोष्ट वेगळी. दुसरं म्हणजे, झटकन वर केलं तर अडकतं पण हळू दाब देत राहिलं तर सुटतं का? सुटत असेल तर तो ताठरपणा चेतासंस्थेचा आहे, त्यावर बोटॉक्सचा उपयोग होतो. स्नायू कायमचा आखूड झाला असेल तर बोटॉक्स काही करू शकत नाही. बोटॉक्सचा परिणाम तीन-चार महिने टिकतो. त्या काळात प्लास्टर, स्प्लिंट (पाऊल सरळ धरून ठेवणारा साचा), ताण देणं आणि ताकद वाढवणं झालं तरच पैसे कामी आले. इंजेक्शन घेऊन घरी बसलं तर काहीच हाती लागत नाही.

पण माझा पहिला प्रश्न टाचेचा नाहीच. खुब्याचा एक्स-रे शेवटचा कधी काढला? वॉकरने चालणारं मूल म्हणजे जीएमएफसीएसच्या, म्हणजे अशा मुलांची हालचालीची क्षमता मोजायच्या पद्धतीच्या, पाच पायऱ्यांपैकी तिसरी पायरी. या पायरीवरच्या दर दहातल्या जवळपास चार मुलांचा खुबा हळूहळू वाटीतून बाहेर सरकतो. सुरुवातीला दुखत नाही, चालण्यातही दिसत नाही. फक्त एक्स-रेत दिसतो. लवकर कळलं तर छोट्या ऑपरेशनवर भागतं, उशीर झाला तर हाड कापून बसवावं लागतं. टाच सगळ्यांना दिसते म्हणून सगळे टाचेबद्दल बोलतात.

डोळेही तपासून घ्या. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांत तिरळेपणा आणि नजरेचे इतर दोष बरेच असतात, आणि नीट न दिसणारं मूल पाऊल टाकायला घाबरतं. लोक ते पायाच्या खाती टाकतात.

मालिशवाल्याने हलक्या हाताने तेल लावलं तर हरकत नाही, मुलाला बरं वाटेल. जोर लावून पाय फाकवू देऊ नका. मांडीचं हाड मोडलेली मुलं मी पाहिली आहेत.

धानवाला_भंडारा

ताई, मी भंडाऱ्याकडचा शेतकरी. डाळीबद्दल मला लिहू द्या, बाकीचं जाणकार सांगून राहिलेच आहेत.

आमच्याकडे धान उभं असतानाच शेवटच्या ओलीवर लाखोळी फेकून देतात. नांगर नाही, खत नाही, पाणी नाही. धान कापलं की खाली लाखोळी उगवलेली असते. काहीच नाही पिकलं तरी लाखोळी पिकते, म्हणून गरिबाच्या घरी तीच. आणि लाखोळीने पाय जातात हे खोटं नाही. माझ्या लहानपणी गावात असे दोघं-तिघं म्हातारे होते. दुष्काळाच्या सालात त्यांनी महिनोन् महिने सकाळ-संध्याकाळ लाखोळीच खाल्ली होती, भाकरही तिचीच. मालगुजाराकडे सालदार असत, त्यांना मजुरीतही तेच मिळे. त्यांच्यातला एक बिनकाठीचा पण चवड्यावर उड्या मारल्यासारखा चालायचा, दुसरा दोन काठ्यांवर, आणि तिसरा हातावर सरकत यायचा. डॉक्टर लोकंही या रोगाच्या पायऱ्या अशाच मोजतात: बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा, सरपटणारा.

पण बघा, हे होतं ज्याने खाल्ली त्याला. तेही रोजच्या जेवणाचा मोठा वाटा दोन-तीन महिने किंवा जास्त लाखोळीचाच असेल तेव्हा, आणि दुसरं धान्य-भाजी पोटात नसेल तेव्हा. जास्त करून कष्ट करणाऱ्या जवान माणसांना. त्यातलं विष आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी १९६४ च्या सुमारास शोधून काढलं, ओडॅप म्हणतात त्याला. त्याच्याआधीच १९६१ मध्ये सरकारने विक्रीवर बंदी घालायचा नियम आणला होता. आता तर कमी ओडॅपचं वाण आलं आहे, रायपूरच्या कृषी विद्यापीठाने काढलेलं. डाळ भिजवून, उकळून ते पाणी फेकलं तरी बरंच विष निघून जातं, आमच्या आजीला हे कोणी शिकवलं नव्हतं तरी ती पाणी फेकतच होती.

तुम्ही चार वडे खाल्ले. तुमचे स्वतःचे पाय धड आहेत ना? डाळीने काही व्हायचं असतं तर आधी तुम्हाला झालं असतं. लेकराच्या मेंदूच्या फोटोत जो डाग आहे तो वेळेआधी जन्माचा आहे, हे वर ताईंनी सांगितलंच. सासूबाईंना हे वाचून दाखवा. भंडाऱ्याच्या एका म्हाताऱ्याने शपथेवर सांगितलं म्हणावं.

सक्करदरा८७

ताई, मला डायप्लेजिया आहे. जन्म १९८७ चा, आठव्या महिन्यातला. आता सरकारी नोकरीत आहे, दोन कुबड्या घेऊन चालतो, साइड व्हील लावलेल्या गाडीवर ऑफिसला जातो. लग्न झालं आहे, एक मुलगी आहे. हे आधी सांगतो, कारण माझ्या आईला कोणीतरी हे सांगायला हवं होतं.

आता टाचेबद्दल. माझ्या दोन्ही टाचांच्या शिरा मी सहा वर्षांचा असताना लांब केल्या. कुठे आणि कोणी ते लिहीत नाही, त्या काळी बहुतेक ठिकाणी हेच करत. प्लास्टर निघालं आणि टाचा पहिल्यांदा जमिनीला लागल्या. बाबांनी वाड्यात संत्रा बर्फी वाटली. पुढची चार-पाच वर्षं मी खरंच बरा चाललो. मग बाराव्या-तेराव्या वर्षी उंची वाढली, वजन वाढलं, आणि गुडघे वाकायला लागले. उभं राहिलं की अर्धवट बसल्यासारखा. शाळेत रांगेत उभं राहिलो की प्रतिज्ञा संपेपर्यंत मांड्या थरथरायच्या. घरच्यांना वाटलं मी व्यायाम करत नाही.

कारण मला फार नंतर कळलं. आपण उभे असतो तेव्हा पोटरी नडगीला मागे धरून ठेवते, तिला पुढे पडू देत नाही. ती पोटरी गरजेपेक्षा सैल केली तर नडगी पुढे कलते, गुडघा वाकतो, आणि सगळं शरीर मांडीच्या पुढच्या स्नायूंवर तोलावं लागतं. माझ्या मांडीमागच्या शिरा आणि खुब्याचे स्नायूही आखडलेले होते, त्यांना कोणी हात लावला नव्हता. फक्त टाच दिसत होती, टाच कापली. डायप्लेजियात लहान वयात दोन्ही टाचा एकट्या लांब केल्या तर हे होण्याचा धोका मोठा असतो, हे आता ऑर्थोपेडिकची पुस्तकंही सांगतात. म्हणून आजकाल चांगले सर्जन थांबतात. मूल साधारण सात-आठ ते बारा वर्षांचं होईपर्यंत थेरपी, स्प्लिंट, बोटॉक्स यांवर निभावतात, चालण्याचं नीट विश्लेषण करतात आणि मग खुबा, गुडघा, घोटा जे जे लागेल ते एकाच वेळी करतात. एकदाच भूल, एकदाच प्लास्टर, एकदाच वर्षभराची मेहनत. माझे गुडघे एकविसाव्या वर्षी असे दुरुस्त केले. उपयोग झाला, पण त्या वयात पुन्हा उभं राहायला शिकणं फार कठीण होतं.

पाठीच्या कण्यातल्या संवेदना नेणाऱ्या नसांचे काही धागे कापून ताठरपणा कायमचा कमी करायचं एक ऑपरेशन असतं, एसडीआर. लवकर जन्मलेलं, दुसऱ्या-तिसऱ्या पायरीचं, पायांत ताकद असलेलं, समजूतदार मूल त्यासाठी बघतात, आणि वय साधारण तुमच्या मुलाचंच. माझ्या वेळी इथे त्याचं नावही ऐकलं नव्हतं. करा असं म्हणत नाही. पण ते होऊ शकतं का, हा प्रश्न मेंदूच्या आणि हाडांच्या डॉक्टरांना एकत्र बसवून विचारण्यासारखा आहे. उलट फिरता येत नाही अशी ती गोष्ट आहे, आणि नंतर महिनोन् महिने रोजची थेरपी लागते.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या आजाराचं पहिलं नीट वर्णन लंडनच्या विल्यम जॉन लिटल नावाच्या सर्जनने केलं, १८६१ मध्ये त्याने ते तिथल्या प्रसूतितज्ज्ञांपुढे मांडलं. बरीच वर्षं याला लिटलचा आजारच म्हणत. त्याचा स्वतःचा एक पाय लहानपणी पोलिओने वाकडा झाला होता. १८३६ मध्ये जर्मनीत हॅनोव्हरला जाऊन त्याने स्ट्रोमायर नावाच्या सर्जनकडून टाचेची शीर कापून घेतली आणि पाय सुधारला. तो खूश होऊन हेच ऑपरेशन इंग्लंडात घेऊन गेला. पण त्याचा पाय पोलिओचा होता. तिथे काही स्नायू लुळे पडतात, मेंदूकडून ताठरपणा येत नाही. एकाच्या टाचेला लागू पडलेलं दुसऱ्याच्या टाचेला लागू पडेलच असं नाही. तुम्हाला कोणी "आमच्या अमक्याच्या मुलाची टाच ऑपरेशनने बरी झाली" म्हणालं तर आधी विचारा, त्याला काय झालं होतं? जन्मतः वाकडं पाऊल, पोलिओ, डायप्लेजिया, तिन्हींत टाच वर असते.

लिटलने सगळा दोष अवघड बाळंतपणावर ठेवला होता. पुढे १८९० च्या दशकात फ्रॉइडने, तोच मनोविश्लेषणवाला, तो तेव्हा लहान मुलांच्या मेंदूच्या आजारांवर काम करत होता, त्याने लिहिलं की अवघड बाळंतपण हे कधीकधी कारण नसून आधीच काही बिघडल्याची खूण असते. त्याच्याकडे बराच काळ कोणी लक्ष दिलं नाही. हे तुम्हाला मुद्दाम सांगतो. माझी आई आयुष्यभर म्हणत राहिली की त्या दिवशी मी पायऱ्या चढायला नको होत्या. तिने काही केलं नव्हतं. तुम्हीही काही केलेलं नाही.

"हात सोडून चालेल का" याचं उत्तर तुमचे डॉक्टर देतील. जाणकार असं सांगतात की अशा मुलांची हालचालीची क्षमता साधारण पाचव्या वर्षापर्यंत बरीचशी ठरते, म्हणजे आज तो जे करतो त्यावरून पुढचा बराच अंदाज बांधता येतो. कदाचित वॉकरवरून कुबड्यांवर येईल. कदाचित घरात भिंत धरून आणि बाहेर कुबड्या. पण तिसऱ्या पायरीच्या मुलांचं चालणं वयात येताना थोडं घसरू शकतं, त्याची तयारी आतापासून ठेवा. मला रोज शाळेपर्यंत चालवत नेत, कारण 'सवय राहिली पाहिजे'. वर्गात पोहोचेपर्यंत माझी सगळी शक्ती संपलेली असायची, पहिले दोन तास मी नुसता बसून असायचो. गणित मला कच्चं नव्हतं, मी थकलेला होतो. डायप्लेजियात चालायला इतरांपेक्षा कितीतरी जास्त शक्ती लागते. लांबच्या अंतराला व्हीलचेअर किंवा तीनचाकी सायकल ठेवा, आणि वाचलेली शक्ती त्याला खेळायला, अभ्यासाला, मित्रांत राहायला द्या. व्हीलचेअर घेतली म्हणजे चालणं सोडलं असं नाही. मी आजही घरात चालतो आणि लांब फिरायचं असेल तर खुर्ची घेतो. मेट्रो झाल्यापासून तर सीताबर्डीला एकटा जातो, लिफ्ट आहे, डब्यात चढायला पायरी नाही.

आणि एक बारीक गोष्ट, जी बाहेरून कळत नाही. मागून अचानक हॉर्न वाजला की माझे दोन्ही पाय आपोआप ताठ होतात, गुडघे एकमेकांवर आपटतात आणि तोल जातो. आजही. हे भीतीने होत नाही, ताठरपणातच ते असतं. मूल दचकून पडलं तर "एवढं काय घाबरतोस" म्हणू नका. थंडीतही तसंच. डिसेंबर-जानेवारीत इथे पारा दहाच्या खाली गेला की सकाळी पलंगावरून उतरायला मला वेळ लागतो. गरम पाण्याने अंघोळ आधी, ताण देणं नंतर.

मानेवाडा_आई

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. दादा, तुमचं लिहिणं मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. भंडाऱ्याच्या काकांचं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी मला म्हणाल्या, "तू जेव आधी." इतकं पुरे आहे मला.

ताई, गुडघा वाकवला की पाऊल वर येतं, सरळ केला की अर्ध्यातच थांबतं. हळू दाबलं तर थोडं आणखी येतं. खुब्याचा एक्स-रे कधीच काढलेला नाही. कोणी सांगितलंच नाही. आता लगेच काढते.

अजून दोन गोष्टी विचारते. स्प्लिंट उन्हाळ्यात तो काढून फेकतो, घामोळं येतं, पाय लाल होतात. आणि घराजवळच्या एका शाळेने बालवाडीला प्रवेश द्यायला नकार दिला, म्हणाले आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही, स्पेशल शाळेत टाका. त्याचं डोकं चांगलं आहे हो. पहाडे म्हणतो पाचपर्यंत.

सक्करदरा८७

शाळेचं आधी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सी स्पष्ट नाव घेऊन आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा, त्याला हवं तर, विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. निवड तुमची, शाळेची नाही. आणि सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळेला दिव्यांग म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पण कायदा दाखवण्याआधी हातात कागद हवा. युडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी) ऑनलाइन अर्ज करा, मग तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात बोलावतात. लहान मुलाचं प्रमाणपत्र पुढे पुन्हा तपासायला सांगू शकतात, त्यात घाबरायचं काही नाही. सोबत राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना बघा, सेरेब्रल पाल्सीसाठी आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीचा खर्चही थोडाफार बसतो. नागपुरात सीआरसी (दिव्यांगांसाठीचं सरकारी केंद्र) आहे, मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज) आहे, मिहानमध्ये एम्स आहे. सगळीकडे रांग असते, पण थेरपीचा रोजचा खर्च खासगीत वर्षानुवर्षं झेपत नाही, आमचंही घर त्यात वाकलं होतं.

मुख्याध्यापकांना भेटायला जाल तेव्हा मुलाला सोबत न्या. फाइल बघून नाही म्हणणाऱ्या माणसाला समोर पाढे म्हणणाऱ्या मुलाला नाही म्हणणं जड जातं. शाळेकडे फार काही मागावं लागत नाही. वर्ग तळमजल्यावर, पाय जमिनीला टेकतील अशी खुर्ची, आणि कमोड असलेलं एक संडास, बाजूला धरायला दांडी. उकिडवं बसणं त्याला जमणार नाही. मी शाळेत दिवसभर पाणी प्यायचो नाही, फक्त त्या एका कारणासाठी. हे मुलं घरी सांगत नाहीत, तुम्ही विचारा.

धंतोली_फिजिओ

तुम्ही जे वर्णन केलं त्यावरून वरचाच स्नायू जास्त ताठ दिसतो आणि थोडा सुटतोही. म्हणजे शीर कापायची घाई करण्यासारखं मला तरी वाटत नाही, पण हे डॉक्टरांनी हाताने तपासून म्हणायला हवं. दोघांपैकी जो डॉक्टर तुमच्या मुलाचे खुबे, गुडघे आणि घोटे तिन्ही तपासून मग बोलेल त्याचं ऐका.

स्प्लिंटचं: आत सुती मोजा, गुडघ्यापर्यंतचा, शिवण बाहेरून. घामाने भिजला की बदला, दिवसातून तीन-चार जोड्या लागतील मे महिन्यात. पावडर भरू नका, घामात तिचे गोळे होतात आणि तेच टोचतात. काढल्यावर लाली वीस-पंचवीस मिनिटांत गेली तर चालेल. अर्ध्या तासानंतरही राहिली तर स्प्लिंट छोटा झाला आहे, तो घेऊन बनवणाऱ्याकडे जा, मुलाला रागवू नका. दुपारी ४५ अंशांत घालायचा हट्ट नको. सकाळी लवकर आणि संध्याकाळी कूलरसमोर उभं राहायचं, चालायचं तेव्हा घाला.

घरी बसताना पाय मागे इंग्रजी डब्ल्यूसारखे टाकून बसतो का? बहुतेक बसतच असेल. ओरडून उपयोग नसतो, त्याला तसंच स्थिर वाटतं. लोडावर घोड्यासारखं दोन्हीकडे पाय टाकून बसवा, समोर पाटावर चित्रकलेची वही ठेवा. मांड्या आपोआप फाकतात आणि चित्र होईपर्यंत तो उठतही नाही. जेवताना छोट्या स्टुलावर, पावलं जमिनीवर सपाट.

एक्स-रे काढायला जाल तेव्हा एवढं मात्र सांगा: उताणं झोपवून, दोन्ही पाय सरळ, गुडघ्याच्या वाट्या छताकडे, कंबर तिरकी नको. पाय आत वळलेले असताना काढला तर खुबा आहे त्यापेक्षा जास्त किंवा कमी सरकलेला दिसतो, आणि सहा महिन्यांनी काढलेल्या दुसऱ्या एक्स-रेशी त्याची तुलना करता येत नाही. कंबर खाली सरळ राहत नसेल तर गुडघ्यांखाली उशी द्यायला लावा. तंत्रज्ञ घाईत असतात, तुम्ही जवळ उभं राहून पाय धरा, शिशाचा एप्रन मागून घ्या, आणि पोटात दुसरं बाळ असण्याची शक्यता असेल तर तुम्ही नको, त्याच्या बाबांना पाठवा. फिल्म हातात मिळाली की नुसता रिपोर्ट नको, फिल्मच जपून ठेवा.